वाजत्या ऑर्गनांच्या भेटीला: युरोपातली बस-सहल कशी आखायची

संगीत नाटकाचा पडदा वर जाण्याआधी ऑर्गनवाले पायाने भाता मारून दोन सूर लावून बघतात, तेव्हा ज्यांच्या अंगावर काटा येतो, अशा चोवीस जणांना घेऊन मी दोन वर्षांपूर्वी युरोपात गेले. त्याआधीही एकदा गेले होते, पण त्या खेपेला आखणी चुकली होती. दोन्ही सहलींत जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे, म्हणजे तुमच्या मंडळाला, भिशीला किंवा गाण्याच्या क्लासला अशी सहल काढायची असेल तर सगळं शून्यापासून जुळवावं लागणार नाही.

हे ऑर्गन म्हणजे वादकाविना वाजणारे ऑर्गन. एक माणूस चाक फिरवतो. त्या फिरण्याने भाता हवा भरतो आणि त्याच फिरण्याने भोकं पाडलेला पुठ्ठा पुढे सरकतो. कोणता सूर कधी आणि किती वेळ वाजायचा, हे त्या भोकांनी ठरवलेलं असतं. जत्रेतले, नाचघरातले, रस्त्यावरचे असे शेकडो ऑर्गन नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये जपून ठेवले आहेत, आणि मुख्य म्हणजे ते वाजते ठेवले आहेत.

पहिली पायरी: वाजतं कधी, वाजवतं कोण?

पहिल्या सहलीत आम्ही नकाशा पुढ्यात घेतला, संग्रहालयांवर खुणा केल्या आणि त्या रेषेने जोडल्या. एका ठिकाणी पोचलो तर दार उघडं होतं, तिकिटंही मिळाली. पण वाद्यं वाजवून दाखवणारा माणूस त्या दिवशी नव्हता. दीड तास आम्ही गप्प उभ्या लाकडी कपाटांमधून फिरलो. आमच्यातले एक काका, आयुष्यभर पेट्या दुरुस्त केलेले, बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "माणूस झोपलेला असताना त्याच्या घरी जाऊन आल्यासारखं झालं."

म्हणून आता पहिला प्रश्न हाच: तिथे वाद्यं कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोण वाजवून दाखवतं? उत्तर हातात आल्याशिवाय मार्ग आखायचा नाही. काही ठिकाणी मार्गदर्शकासोबतच्या फेरीतच वाद्यं वाजतात, एकटं फिरलात तर वाजत नाहीत. काही छोटे संग्रह हौशी मंडळी सांभाळतात आणि ते आठवड्यातून काही तासच उघडे असतात. गटासाठी आधी ठरवलं तर वेगळ्या वेळी उघडून देतात. इथे पुस्तिकेवर विसंबू नका, पत्र लिहा. ते कसं लिहायचं ते पुढे सांगते.

दुसरी पायरी: काय ऐकायचं ते ठरवा

दहा-अकरा दिवसांत सगळं होत नाही, आणि करूही नये. आमचा मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत गेला. तो मला आजही बरोबर वाटतो, कारण रस्त्यावरच्या ऑर्गनपासून सुरुवात होते आणि शेवट दिवाणखान्यातल्या, जवळजवळ माणसासारख्या वाजणाऱ्या ऑर्गनवर होतो.

सुरुवात उट्रेख्टपासून. तिथलं म्युझियम स्पीलक्लॉक १९५६ सालच्या एका प्रदर्शनातून उभं राहिलं आणि १९८४ पासून बुर्कर्क या मध्ययुगीन चर्चमध्ये आहे. उंच कमानींखाली रस्त्यावरचे रंगीत ऑर्गन उभे आहेत आणि फेरीत ते एकेक करून वाजवले जातात. तिथे सुरेल घड्याळं आहेत, वाजणाऱ्या डब्या आहेत, आणि लाइपझिगच्या हुपफेल्ड कंपनीचं फोनोलिस्ट व्हायोलिना आहे. ते जरूर बघा. पियानोच्या वर एका कपाटात तीन व्हायोलिन उभ्या टांगलेल्या आहेत, त्यांच्याभोवती घोड्याच्या केसांचा गोल गज फिरतो आणि ज्या व्हायोलिनचा सूर हवा ती पुढे झुकून गजाला टेकते. आमच्यातल्या व्हायोलिन वाजवणाऱ्या ताई त्या कपाटापुढून हलायलाच तयार नव्हत्या.

उट्रेख्टहून हार्लेम जवळ आहे. तिथे हौशी मंडळींनी सांभाळलेलं ऑर्गन-संग्रहालय आहे आणि कुंकेल्स ऑर्गन ही त्यांची शान. त्याच गावातल्या मोठ्या चर्चमध्ये ख्रिस्टियान म्युलरने १७३८ मध्ये पुरा केलेला भव्य ऑर्गन आहे. तो हाताने वाजवायचा, यांत्रिक नाही; दहा वर्षांच्या मोझार्टने १७६६ मध्ये तो वाजवला होता. एकाच दिवशी दोन्ही ऐकले की नळीचा सूर एकच, पण वाजवण्याच्या दोन तऱ्हा कशा, हे कानांना आपोआप कळतं.

तिथून अँटवर्प. मोर्टिए आणि डेकाप या नावांचे नाचघरातले अवाढव्य ऑर्गन इथे घडले. बँड परवडत नसे त्या कॅफेत आणि नाचघरात हेच बँडचं काम करत. शहरातल्या कॅफे बेव्हरनमध्ये आजही एक डेकाप ऑर्गन आहे आणि नाणं टाकलं की तो वाजतो. चोवीस माणसं एकदम आत मावत नाहीत, म्हणून दोन तुकड्या करून गेलो. बाकीच्यांनी नदीकाठी फेरफटका मारला.

मग जर्मनी. ऱ्हाइनकाठच्या रूडेसहाइममध्ये सीगफ्रीड वेंडेल यांनी १९६९ मध्ये उभारलेलं संग्रहालय आहे. ब्रोमसरहोफ या जुन्या वाड्यात साडेतीनशेच्या आसपास वाद्यं आहेत आणि फेरी सुमारे पाऊण तासाची असते. पुढे ब्रुख्झालचा राजवाडा. १९४५ च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात तो जळाला होता, नंतर पुन्हा बांधला. आता त्यात स्वयंचलित वाद्यांचं जर्मन संग्रहालय आहे आणि पाचशेच्या घरात वस्तू आहेत.

माझ्या मते सहलीचा आत्मा वाल्डकिर्खमध्ये आहे. काळ्या जंगलातलं (ब्लॅक फॉरेस्टमधलं) हे छोटं गाव फ्रायबुर्गपासून अर्ध्या तासावर आहे. इग्नाझ ब्लाझियस ब्रुडर १८३४ मध्ये इथे येऊन ऑर्गन बांधू लागला. मग त्याची मुलं आली, रूट हे दुसरं ऑर्गन बांधणारं घराणं आलं, पॅरिसच्या गाविओली कंपनीने इथे शाखा काढली. कार्ल फ्राय हा कारागीर इथून हॉलंडला ब्रेडा गावी गेला, तिथल्या रस्त्यावरच्या ऑर्गनांना त्यांचा तो मऊ, थरथरता आवाज दिला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा इथेच परतला. म्हणजे उट्रेख्टमध्ये दुसऱ्या दिवशी ऐकलेल्या आवाजाचं मूळ आठव्या दिवशी सापडतं. गावात एल्झटाल संग्रहालय आहे आणि आजही ऑर्गन बांधणारे कारखाने आहेत. आधी विचारलं तर ते गटाला आत घेतात. साधारण दर तीन वर्षांनी जूनमध्ये गावात ऑर्गनांचा उत्सव भरतो. तो तुमच्या सालात असेल तर सगळ्या तारखा त्याच्याभोवतीच बांधा, मात्र राहायच्या खोल्या वर्षभर आधी धरा.

शेवट स्वित्झर्लंडमधल्या सेवेन गावात. हाइन्रिख वाइस यांनी १९७९ मध्ये उभारलेला हा संग्रह त्यांनी १९९० मध्ये स्विस सरकारला दिला. इथल्या मोठ्या दालनात फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीचा फिलहार्मोनी ऑर्गन आहे. २००७ मध्ये दुरुस्ती चालू असताना त्याच्या आतल्या भागावर 'ब्रिटानिक' अशी अक्षरं सापडली, आणि हा टायटॅनिकच्या भावंड-जहाजासाठी बांधलेला ऑर्गन आहे हे उलगडलं. युद्धामुळे ते जहाज प्रवासी-जहाज म्हणून कधी निघालंच नाही. ते रुग्णालय-जहाज झालं आणि १९१६ मध्ये बुडालं. ऑर्गन मात्र जमिनीवर राहिला, हातोहाती फिरत राहिला आणि वाचला. माक्स रेगरसारख्या वादकांनी कागदी गुंडाळ्यांवर नोंदवून ठेवलेलं वादन असे ऑर्गन आज पुन्हा ऐकवतात. खुर्चीवर कोणी नाही आणि शंभर वर्षांपूर्वीच्या बोटांचं वादन ऐकू येतं. आमच्यातल्या मावशींनी डोळे पुसले, कोणी काही बोललं नाही.

लंडन जोडू का, असं प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. जोडू नका. तिथला व्हिसा वेगळा आणि समुद्र ओलांडण्यात एक दिवस जातो. पण ज्यांना पुढे स्वतंत्रपणे जायचं असेल त्यांना एक सांगून ठेवा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून नेलेला टिपू सुलतानाचा वाघ तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि त्या लाकडी वाघाच्या पोटातही भाता, नळ्या आणि पट्ट्यांचा छोटा ऑर्गनच आहे.

तिसरी पायरी: वारांचं गणित

सोमवार हा युरोपातल्या बऱ्याच संग्रहालयांचा सुट्टीचा वार. म्हणून सोमवारी फक्त प्रवास किंवा शहर बघणं ठेवा. आम्ही शुक्रवारी ॲमस्टरडॅमला उतरलो आणि तिथून बसने उट्रेख्ट गाठलं. शनिवारी उट्रेख्ट, रविवारी हार्लेम. सोमवारी अँटवर्पला जाऊन मुक्काम. मंगळवार रूडेसहाइमच्या लांब प्रवासाचा, बुधवारी तिथे सावकाश ऐकणं. गुरुवारी ब्रुख्झाल करून संध्याकाळी वाल्डकिर्ख, तिथे शुक्रवार-शनिवार. रविवारी सेवेन करून झुरिक आणि सोमवारी परतीचं विमान.

दिवसाला एकच संग्रह, फार तर दोन. जेवणाच्या ताटासारखं आहे हे, कानही भरतात. पहिल्या सहलीत आम्ही एका दिवशी तीन केले आणि तिसऱ्या ठिकाणी अर्धी मंडळी बाकावर पेंगत होती.

महिने एप्रिलअखेर ते जून आणि सप्टेंबर. २७ एप्रिलला नेदरलँड्समध्ये राजाचा वाढदिवस असतो आणि रस्ते माणसांनी भरून वाहतात. बस घेऊन त्या दिवशी शहरात जाऊ नका. मे-जूनमध्ये जर्मनीत धार्मिक सणांना जोडून सुट्ट्या येतात आणि महामार्ग तुंबतात. त्या तारखा आधीच दिनदर्शिकेत बघून घ्या.

चौथी पायरी: संग्रहालयाला पत्र

सहा महिने आधी ई-मेल करा. मजकूर छोटा आणि नेमका ठेवा: आम्ही अमुक जण, अमुक तारखेला, इंग्रजीत बोलणारा मार्गदर्शक हवा, वाद्यं वाजवून दाखवाल का, जिने किती आणि लिफ्ट आहे का, बस कुठे थांबेल. आणि शेवटी एक वाक्य जरूर घाला: "आमच्या गटात हार्मोनियम आणि ऑर्गन वाजवणारे व दुरुस्त करणारे लोक आहेत." या एका वाक्याने दारं उघडली. एका ठिकाणी ठरलेल्या पाऊण तासाचे दोन तास झाले. तिथल्या आजोबांनी मागची फळी काढून भाता दाखवला, आणि आमच्या पेटीवाल्या काकांना इंग्रजी येत नसूनही ते दोघं बोटांच्या खुणांनी बोलत राहिले.

एका मार्गदर्शकामागे साधारण वीस-पंचवीस माणसं चालतात. त्याहून जास्त असाल तर दोन तुकड्या करा आणि दुसऱ्या तुकडीने तो वेळ कुठे घालवायचा तेही ठरवून ठेवा. उत्तर आलं की छापून घ्या. निघण्याच्या दहा दिवस आधी पुन्हा एकदा विचारा आणि मार्गदर्शकाचं नाव मागून घ्या. नाव मिळालं म्हणजे माणूस नक्की.

पाचवी पायरी: बस आणि ड्रायव्हर

इथे सगळ्यात जास्त सहली फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आपल्याकडे रात्रभर गाडी हाकणारा ड्रायव्हर सकाळी चहा पिऊन पुन्हा निघतो. युरोपात ते कायद्याने बंद आहे. दिवसाला ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदाच १० तास. साडेचार तास चालवलं की एकूण ४५ मिनिटांची विश्रांती. दिवसाकाठी ११ तासांची विश्रांती, ती आठवड्यात ठरावीक वेळाच ९ तासांवर आणता येते. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवत असतं, त्यामुळे "दादा, अजून अर्धा तास चालवा ना" या वाक्याला तिथे काही अर्थ नाही. सकाळी आठला निघालात तर रात्री नऊपर्यंत गाडी मुक्कामी लागलेलीच हवी. रात्रीच्या जेवणासाठी बस हवी असेल तर सकाळी उशिरा निघा.

आमच्या पहिल्या सहलीत संध्याकाळच्या कार्यक्रमाला अर्धा तास उशीर झाला आणि ड्रायव्हरची वेळ संपली. हॉटेल बारा किलोमीटरवर होतं. त्याने शांतपणे गाडी बाजूला लावली आणि आम्ही टॅक्स्या मागवल्या. चूक त्याची नव्हती, आमची होती. आता मी रोजच्या कार्यक्रमापुढे ड्रायव्हरचे तास लिहिते आणि तो कागद पहिल्याच दिवशी त्याच्या हातात देते.

आठवड्याच्या सुट्टीचाही नियम आहे, पण एकाच गटाच्या परदेशी सहलीत ती सुट्टी ठरावीक अटींवर १२ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. ११ दिवसांची सहल त्यात बसते. कंपनीकडून हे लेखी घ्या.

दर मागताना चार गोष्टी विचारा. ड्रायव्हरचं राहणं-जेवण धरलंय का. रिकामी फेरी कोणाच्या खिशातून जाणार, कारण ॲमस्टरडॅमला घेतलेली बस झुरिकला सोडली तर ती रिकामी परत जाते आणि ते पैसे तुम्हीच भरता. स्वित्झर्लंडचा रस्ताकर धरलाय का. आणि शहरांच्या प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रात ही बस चालते का, कारण उट्रेख्ट आणि अँटवर्पमध्ये जुन्या डिझेल गाड्यांना मज्जाव आहे. बाहेरच्या देशातल्या गाडीची अँटवर्पसाठी आधी नोंदणी करावी लागते का, तेही विचारा.

बस किती मोठी? चोवीस जणांना तीस-पस्तीस आसनी पुरते, पण सामान मोजा. प्रत्येकी एक मोठी बॅग, एक हातातली, आणि परत येताना खरेदी. गुडघे दुखणारी मंडळी असतील तर पायऱ्यांची उंची विचारा. उट्रेख्टचं चर्च पायी फिरायच्या भागात आहे, रूडेसहाइमचा वाडाही जुन्या गल्ल्यांत आहे. दोन्हीकडे बस दारापर्यंत जात नाही, दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. हे सहलीला नाव नोंदवतानाच सांगा, तिथे गेल्यावर नको.

सहावी पायरी: व्हिसा

शेंगेन व्हिसा सगळ्या चार देशांना चालतो, स्वित्झर्लंडलाही. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? उतरणार तिथे, असा गैरसमज फार आहे. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. आमच्या आखणीत नेदरलँड्सच्या ३ रात्री, बेल्जियमची १, जर्मनीच्या ५ आणि स्वित्झर्लंडची १. म्हणजे उतरलो ॲमस्टरडॅमला, पण अर्ज जर्मनीकडे. दिवस सारखे झाले तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा पटकन संपतात, म्हणून तीन-चार महिने आधीच हलवा. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या दिवसांचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आतला आणि दोन कोरी पानं असलेला. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो. सगळ्यांच्या अर्जाला एकच दिवसवार कार्यक्रम जोडा आणि संग्रहालयांची होकाराची पत्रंही जोडा. नुसतं 'पर्यटन' लिहिण्यापेक्षा ती पत्रं पुष्कळ सांगून जातात.

सातवी पायरी: पैसे

खर्चाचे दोन ढीग करा. बस, मार्गदर्शक, ड्रायव्हरचा मुक्काम हे माणसं कितीही आली तरी तेवढेच राहतात. विमान, खोली, तिकिटं, जेवण हे माणशी. पहिला ढीग तुम्हाला अपेक्षित असलेल्या चोवीसांनी भागू नका, अठरांनी भागा. दोन-चार जण हमखास गळतात, आणि तेव्हा उरलेल्यांकडे जादा पैसे मागायला जाणं फार वाईट. सगळे आले तर शिल्लक उरते, ती शेवटच्या रात्रीच्या जेवणात घाला किंवा परत करा. हिशेब वहीत लिहा आणि वही बसमध्ये सगळ्यांना बघायला ठेवा.

स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतात, आणि युरोपीय संघाचं सिमकार्ड तिथे बंद पडू शकतं. दोन्हीची सोय आधी करा. खिशात युरोची सुटी नाणी कायम ठेवा. महामार्गावरच्या स्वच्छतागृहाला लागतात, कॅफेतल्या ऑर्गनला लागतात आणि रस्त्यावरच्या ऑर्गनवाल्यालाही. हॉलंडमध्ये तो पितळी डबी तालात खुळखुळवत तुमच्यापुढे येतो. ती खुळखुळही वादनाचाच भाग आहे, म्हणून नाणं टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आठवी पायरी: निघण्याआधी पेटी उघडा

ही पायरी कुठल्याही टूर कंपनीच्या यादीत नसते, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यात मोलाची. निघण्याआधी महिनाभर एका रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं. जमिनीवर चादर अंथरली आणि काकांनी एक जुनी पेटी खोलली. वरचा पत्रा काढला, पट्ट्या उचलल्या, खाली सुरांच्या पितळी पात्या दिसल्या. त्यांनी एकाला भाता मारायला लावलं आणि पट्टीखालच्या भोकावर बोट धरलं: सूर बंद. बोट काढलं: सूर चालू. "आता माझ्या बोटाच्या जागी पुठ्ठा आहे असं समजा," ते म्हणाले. "पुठ्ठ्याला भोक आलं की सूर, भोक संपलं की शांत. तिकडे एवढंच आहे."

खरोखर तेवढंच आहे, आणि त्यात दोनशे वर्षांची कारागिरी आहे. आधी लाकडी नळकांडं असे, त्यावर खिळे ठोकलेले. एका नळकांड्यावर मोजक्याच चाली बसत. १८९२ मध्ये गाविओलीने घडीचा पुठ्ठा आणला आणि गाणं हवं तेवढं लांब करता येऊ लागलं. हा पुठ्ठा जवळून बघा: नागमोडी घड्या घातलेला, पोथीसारखा. तो कडक राहावा आणि दमट हवेत फुगू नये म्हणून त्याला लाखेचा हात दिलेला असतो. आपल्या जंगलांतून गोळा होणारी लाख एकेकाळी साऱ्या जगात जात असे, हे ऐकून आमची मंडळी त्या तपकिरी चकाकीकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली.

त्याच बैठकीत एका कागदावर मराठीत दहा-बारा शब्द लिहून द्या: भाता, नळी, चौकट, नळकांडं, पुठ्ठा, गुंडाळी, आणि तिथे त्यांना काय म्हणतात ते देवनागरीत. मार्गदर्शकाच्या इंग्रजीचं भाषांतर संगीत चालू असताना करायचं नाही, हेही तिथेच ठरवून घ्या. वाद्य थांबल्यावर दोन वाक्यांत सांगा, पुरे होतं.

नववी पायरी: प्रत्यक्ष ऐकताना

जत्रेतला ऑर्गन उघड्या मैदानासाठी बांधलेला असतो. बंद खोलीत तो छातीवर आदळतो. ज्यांना कानाचं यंत्र आहे त्यांनी ते आधीच कमी करावं आणि बाकीच्यांनी कापसाचे बोळे जवळ ठेवावेत. पहिली चाल समोरून ऐका, रंग आणि हलणाऱ्या बाहुल्या डोळे भरून बघून घ्या. दुसऱ्या चालीला परवानगी घेऊन बाजूला किंवा मागे जा. खरी गंमत मागे आहे: पुठ्ठा एका बाजूने उलगडत आत शिरतो, दुसऱ्या बाजूने घडी होऊन पडतो, आणि चाक फिरवणाऱ्याचा खांदा.

त्या खांद्याकडे नीट बघा. वेग हातात आहे आणि हवाही त्याच हातात. घाई केली की लय पळते, मंदावलं की सूर दबतो. सगळ्या नळ्या एकदम वाजायच्या ठिकाणी हवा जास्त लागते आणि चाक जड होतं. जाणता माणूस ती जागा येण्याआधीच अंगाचा भार टाकतो. वाल्डकिर्खमध्ये आमच्यातल्या तिघांना चाक फिरवायला मिळालं. तबला वाजवणाऱ्या दादांचं पहिल्याच आवर्तनात जमलं, माझं शेवटपर्यंत डगमगत राहिलं.

पुठ्ठ्याला हात लावू नका. चित्रीकरण विचारून करा, आणि गटातल्या एकानेच करावं. चोवीस फोन वर गेले की मागचे काहीच बघत नाहीत.

खाण्याचं थोडक्यात: चिवडा, भाकरवडी, लसणाची चटणी, मेतकूट बरोबर न्या. पेढे, बर्फी, चक्का नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. हॉटेलच्या खोलीत शेगडी लावू नका. शाकाहारी जेवणाचं हॉटेलला आधी कळवा, आणि शाकाहारात मासेही नाहीत हे स्पष्ट लिहा.

परतताना

संग्रहालयांच्या दुकानात हाताने फिरवायची छोटी वाजती पेटी मिळते, सोबत कागदी पट्ट्या आणि भोकं पाडायचा चिमटा. साध्या पेटीत बहुधा शुद्ध सूरच असतात, म्हणून भूपातली एखादी चाल निवडा: सा, रे, ग, प, ध यांच्यात भागतं. आम्ही सेवेनहून झुरिकला जाताना बसमध्ये एक पट्टी केली. ताई गुणगुणत होत्या, काका पेन्सिलने खुणा करत होते आणि मागच्या बाकावरची दोघं चिमट्याने भोकं पाडत होती. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा पंचम एक घर सरकला होता. तो चिकटपट्टीने बुजवला, पुन्हा पाडला आणि मग चाल बरोबर वाजली.

घरी आल्यावर पंधरवड्याच्या आत प्रत्येक संग्रहालयाला आभाराचं पत्र पाठवा, फोटोसकट, आणि चाक फिरवणाऱ्या माणसाचं नाव त्यात लिहा. आम्ही त्या पट्टीची एक प्रत वाल्डकिर्खला पाठवली, तिकडच्या पेटीच्या मापाची. महिन्याभराने तिकडून एक छोटी ध्वनिफीत आली: त्यांच्या हातांनी फिरवलेला आपला भूप.